थांबण्याचा पगार

ॲम्ब्युलन्सवर नोकरी करत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी सायरनबद्दल विचारतो, मग रक्ताबद्दल. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘किती जीव वाचवले?’ आणि तो विचारताना त्याच्या चेहऱ्यावर अशी काही श्रद्धा असते की खरं उत्तर द्यायला मलाच अवघडल्यासारखं होतं. खरं उत्तर असं, की त्या नोकरीतला माझा सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात गेला. कॉलची वाट, रिलीव्हरची वाट, मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळण्याची वाट आणि दर महिन्याला पगाराची.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. कॉलेज संपल्यावर दवाखाना टाकायला पैसे नव्हते, खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीची आरएमओ, म्हणजे मुक्कामी डॉक्टर, होऊन राहण्याचा कंटाळा आला होता, म्हणून गाडीवर गेले. पट्टा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा. गाडी एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात उभी असायची. कोणतं रुग्णालय, कोणती कंपनी हे लिहीत नाही. माझ्याबरोबरची माणसं अजून गाड्यांवर आहेत. शिवाय सरकारी गाड्या चालवायचा ठेका कुणाकडंही गेला तरी स्टिअरिंगमागचा माणूस तोच राहतो, त्यामुळं नावानं फारसा फरकही पडत नाही.

ज्यांना या सेवेचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं. १०८ हा नंबर देशात पहिल्यांदा वाजला तो २००५ मध्ये, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. आपल्याकडं ही सेवा आली २०१४ च्या जानेवारीत. सुरुवातीला ९३७ गाड्या. त्यातल्या २३३ ‘ॲडव्हान्स’, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ ‘बेसिक’. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर प्रशिक्षण दिलेला तंत्रज्ञ असतो, महाराष्ट्रानं डॉक्टर बसवला. याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाही हवं. पण मला यात एक दुसरीच गोष्ट दिसते. आपल्या राज्यात दरवर्षी बीएएमएस, बीएचएमएस होऊन बाहेर पडणारी आणि दवाखाना टाकायची ऐपत नसलेली माझ्यासारखी पोरं-पोरी इतकी आहेत, की गाडीवर डॉक्टर बसवणं परवडून जातं.

दुसरी गाडी १०२ ची. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ च्या जूनमध्ये सुरू झाला, त्यात गरोदर बाईला घरून दवाखान्यात, गरज पडली तर तिथून पुढच्या दवाखान्यात, आणि बाळंत झाल्यावर परत घरी फुकट पोचवायचं ठरलं. ही गाडी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर. डॉक्टर नाही, मदतनीस नाही. कळा देणारी बाई मागं, तिची सासू किंवा आशाताई शेजारी, आणि पुढं ठेक्यावरचा एक माणूस, ज्याला मागून ‘डोकं दिसतंय’ अशी हाक आली की गाडी कडेला घ्यायची का तशीच दामटायची हे क्षणात ठरवायचं असतं. या निर्णयाचं प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं आणि तो चुकला तर दोष मात्र त्याच्याच माथी.

आमच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला सगळं रुग्णालय मामा म्हणायचं, म्हणून मीही मामाच म्हणायचे. पन्नाशीच्या अलीकडचे, आधी बरीच वर्षं ट्रकवर काढलेली. ट्रक सोडून इकडं आले कारण घर जवळ पडत होतं, आणि ‘सरकारी काम हाय’ असं पाहुण्यांत सांगता येत होतं. ते सरकारी नव्हतं हे त्यांना पहिल्या पगाराला कळलं.

पाळी बारा तासांची. पण हे कागदावर. रिलीव्हर आला नाही तर गाडी टाकून जाता येत नाही, आणि रिलीव्हर न येण्याला कारणं भरपूर: त्याचा पगार थकलेला असतो, त्याच्या पोराला ताप असतो, किंवा त्यानं सरळ नोकरी सोडलेली असते आणि कंपनीला अजून दुसरा मिळालेला नसतो. मग बाराचे चोवीस. चोवीस तास जागा असलेला माणूस तोरंगणचा घाट उतरतोय आणि मागं मी एका हातानं सलाईन, दुसऱ्या हातानं वरची दांडी धरून उभी आहे, हे चित्र आमच्यात कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. एसटीच्या ड्रायव्हरची ड्यूटी किती तासांची असावी यावर निदान वाद तरी होतो.

थांबायचं कुठं? तर गाडीत. उन्हाळ्यात एसी लावला तर डिझेल जातं, आणि डिझेलचा हिशेब पळालेल्या किलोमीटरवर. उभ्या गाडीनं डिझेल खाल्लं की विचारणा मामांना. जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, जून ते सप्टेंबर कपडा म्हणून वाळत नाही. मामांची बनियन सलाईन अडकवायच्या हुकाला लटकलेली असायची आणि कॉल आला की ती आधी खाली यायची. ते झोपायचे स्ट्रेचरवर. मला, ड्यूटीवरच्या सिस्टर मायाळू असल्या तर, लेबर रूमशेजारच्या खोलीत खाट मिळायची. पाळी बदलून दुसऱ्या आल्या की मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. संडास लेबर वॉर्डाचा, तोही विचारून. आम्ही रुग्णालयाच्या आवारात होतो पण रुग्णालयाचे नव्हतो, त्यामुळं आम्हाला नाही म्हणायचा हक्क तिथल्या शिपायालाही होता. महिन्यातल्या त्या दिवसांत लांबची केस लागू नये म्हणून मी काय काय विनवण्या केल्यात ते माझं मला ठाऊक.

गंमत म्हणजे या सगळ्याचा कायदा होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलं होतं की कामासाठी जिथं कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथं ठेकेदारानं विश्रांतीची खोली द्यायची. संडास-मुतारी द्यायची. ठेकेदारानं दिली नाही तर ज्यानं काम ठेक्यावर दिलं त्या मूळ मालकानं द्यायची आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा. पगारालाही तेच: ठेकेदारानं थकवला तर मूळ मालकानं भरायचा. इथं मूळ मालक म्हणजे कोण, ते वाचकांना सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. मी हा कायदा पहिल्यांदा वाचला तो नोकरी सोडल्यावर. गाडीवर असताना आमच्यापैकी कुणालाच तो माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांना तो आम्हाला सांगण्याची गरज वाटली नसावी.

त्याच वाचनात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा हाती लागला. तो भाडं घेऊन माणसं किंवा माल वाहणाऱ्यांसाठीचा, आमच्यासाठीचा नव्हे. पण त्यात कामाचे तास मोजायची एक पद्धत सांगितली होती. गाडी चालवणं आलं, गाडीशी संबंधित इतर कामं आली, आणि तिसरी एक वेळ आली: कधीही बोलावणं येईल म्हणून आपल्या जागेवर नुसतं हजर राहण्याची. अशी हजेरी पंधरा मिनिटांच्या आतली असेल तर ती कामात धरायची. मी ते दोनदा वाचलं. आमची अख्खी नोकरीच ती होती! बोलावणं येईल म्हणून जागेवर हजर राहणं. फक्त आमची हजेरी पंधरा मिनिटांत संपत नव्हती.

माझं म्हणणं सगळं इथं येऊन थांबतं. अग्निशमन दलाच्या जवानाला कुणी म्हणत नाही की आज आग लागली नाही, तर तू फुकट बसलास. बंब तयार ठेवायचा, पाइप तपासायचे, बूट घालून बसायचं, हेच त्याचं काम आणि त्याचाच पगार. आमच्याकडं मात्र गाडीची तयारी विकत घेतली जाते आणि माणसाची गृहीत धरली जाते. टायर किती झिजलेत, ऑक्सिजनचं सिलिंडर भरलंय का, घशातला कफ ओढायचं सक्शन चालतंय का, याची तपासणी व्हायची आणि ती व्हायलाच हवी. मामा शेवटचं पोटभर कधी जेवले, कधी झोपले, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि मामांना स्ट्रेचरवर पाठ टेकलेलं बघून म्हणाले, ‘अरे वा, आरामाची नोकरी आहे तुमची.’ मामा उठून उभे राहिले आणि हसले. त्या दिवशी पहाटे आम्ही नाशिकहून परतलो होतो.

नाशिकची फेरी हा स्वतंत्र विषय आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. पण अडलेली बाळंतीण किंवा डोक्याला मार लागलेला पोरगा आमच्याकडून निघायचा तो नाशिकला. जव्हारपासून साधारण ८० किलोमीटर. मोखाडा, तोरंगण, त्र्यंबक, मग नाशिक. पोचलो म्हणजे संपलं असं लोकांना वाटतं. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत खाट रिकामी नसते, म्हणून पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर राहतो. स्ट्रेचर गाडीचं, ते सोडून निघता येत नाही. मग मी स्ट्रेचरच्या उशाशी आणि मामा पायथ्याशी, कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात. तिथला रेसिडेंट डॉक्टर वैतागून विचारणार, ‘हे रेफर का केलं?’ त्याच्यावरही राग धरवत नाही, तोही दोन रात्री जागा असतो. तेवढ्यात कॉल सेंटरचा फोन, ‘गाडी मोकळी झाली का?’ कारण इकडं घाटावर दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात दुखतंय आणि त्या पट्ट्यात जवळ गाडी नाही. ती गाडी नाशिकच्या कॉरिडॉरमध्ये अडकलीय, एका स्ट्रेचरपायी. उशीर झाला म्हणून उद्या ज्याच्या कानाखाली बसणार असते तो माणूस आज इथं असा उभा असतो.

कानाखाली हे मी उगाच लिहीत नाही. नातेवाइकांचा राग समोर दिसणाऱ्या माणसावरच निघतो, आणि पहिला दिसतो तो ड्रायव्हर. एका वस्तीवर आमची काच फुटली. रस्ता वाहून गेल्यामुळं गाडी वरपर्यंत जात नव्हती, पेशंटला डोलीत घालून खाली आणलं होतं, आणि तो गेला होता. त्यांचा राग मला समजला, अजूनही समजतो. काचेचे पैसे मामांच्या पगारातून कापायचं निघालं तेव्हा मात्र समजेनासं झालं. बरीच भांडाभांडी करून ते थांबवलं.

आणि धुणं. याबद्दल कुणीच विचारत नाही. अपघाताची केस सोडून परतलो की आधी गाडी धुवायची. त्यासाठी वेगळा माणूस नाही. स्ट्रेचर बाहेर काढायचं, बादलीत हायपोक्लोराइट कालवायचं, रुग्णालयाच्या नळाला कधी धार कधी थेंब. फरशी पुसणं सोपं. त्रास देतात त्या स्ट्रेचर सरकतं त्या पट्ट्यांच्या खाचा. रक्त तिथं जाऊन बसतं आणि गोठतं. मामांनी त्यासाठी एक जुना टूथब्रश ठेवला होता, त्याची दांडी मेणबत्तीवर धरून वाकडी केलेली, म्हणजे ब्रश खाचेत आडवा जातो. गुडघ्यावर बसून ते एकेक खाच घासायचे, पाणी ओतायचे, वास घ्यायचे, पुन्हा घासायचे. हातमोजे पातळ, तपासणीचे. दोन खाचांत फाटायचे. औषधानं त्यांच्या बोटांच्या पेरांची सालपटं निघालेली असायची. ‘मॅडम, आमदार असो नायतर मजूर, रगत येतं ते याच खाचंत,’ असं एकदा म्हणाले होते. धुताना कॉल आला तर तसंच ओल्या फरशीवर स्ट्रेचर चढवायचं. गाडी धुवायला म्हणून ‘ऑफ रोड’, म्हणजे कॉलसाठी बंद, दाखवायची सोय नव्हती. ऑफ रोड म्हणजे कंपनीला दंड, आणि कंपनीचा दंड झिरपत झिरपत कुठवर येतो ते आम्ही बघितलेलं होतं.

पगाराचं काय, तर हिशेब सोपा आहे. ठेका घेणाऱ्याला डिझेल स्वस्त मिळत नाही, टायर स्वस्त मिळत नाही, ऑक्सिजनही नाही. कमी दरानं निविदा भरून वर नफा काढायचा तर दाबता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणूस. सातव्या वेतन आयोगात सरकारी वाहनचालकाचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं; वर महागाई भत्ता, घरभाडं. त्याच आवारात रुग्णालयाची एक जुनी जीप होती आणि तिचा कायम नोकरीतला ड्रायव्हर मामांचा दोस्त. जीप महिन्यातून थोडेच दिवस हलायची. दोघं डबा एकत्र खायचे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलून ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंडाची तरतूद आली, तेव्हा बातमी वाचून मामा म्हणाले, ‘म्हंजी मला आडवा आला तर त्यानं माझा महिन्याचा पगार भरायचा.’ माझा पगार त्यांच्याहून बरा होता, पण तोही असा नव्हता की बँकेनं कर्ज द्यावं. दर काही महिन्यांनी नवा करार, म्हणून दर काही महिन्यांनी मी नवीच.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जगजित सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं. फार चांगला निकाल आहे. पण तो सरकारनं स्वतः नेमलेल्या हंगामी माणसांबद्दल होता. मध्ये ठेकेदार आला की ‘तुम्ही आमचे नाहीच’ म्हणायला जागा होते. ठेका देण्यामागं बचत असेलही, मला त्यातलं जास्त महत्त्वाचं कलम हे वाटतं.

मग संप का करत नाही, असं लोक विचारतात. करतात की. पण मास्तरांनी संप केला तर शाळा बुडते, आमच्यानं केला तर आजीबाई मरते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आजीबाईचा फोटो. त्यामुळं पुष्कळदा काळ्या फिती लावून काम करणं एवढाच संप. त्याच्या पुढं गेलं की संपावर बंदी घालणारा अत्यावश्यक सेवेचा कायदा तयार असतो. २०२१ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात ठेका एका कंपनीकडून दुसरीकडं जाताना नोकरीच्या भीतीनं ॲम्ब्युलन्सवाले संपावर गेले, तेव्हा तो कायदा पुढं करून अनेकांना काढून टाकलं. कोविडची दुसरी लाट ओसरून दोन महिनेही झाले नव्हते. त्याच लोकांवर वर्षभर आधी, ३ मे २०२० ला, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. म्हणजे हॉस्पिटलांवर टाकली. आवारात उभ्या गाड्यांवर त्यातल्या काही पाकळ्या पडल्याच असतील. केंद्रानं कोविडसाठी राबणाऱ्यांचा ५० लाखांचा विमाही काढला होता आणि त्यात ठेक्यावरची माणसंही धरली होती, हे मान्य करायला हवं. एकूण आमची किंमत सरकारला माहीत होती. फक्त ती मेल्यावर मिळायची होती.

मी सोडलं त्याचं कारण काही मोठं नाही. लग्न झालं, नाशिकला आले, सिडकोत एका गाळ्यात दवाखाना टाकला. सायरन ऐकला की अजून आधी टायरचा आवाज कसा आहे तिकडं कान जातो, ते सोडलं तर ती नोकरी अंगावरून उतरलीय.

मामा अजून गाडीवर आहेत. मध्यंतरी ठेका बदलला, नव्या कंपनीनं त्यांना ठेवलं पण नवीन माणूस म्हणून, आणि जुनी सगळी वर्षं पीएफच्या जुन्या खात्यात अडकून पडली. आधीच्या ठेकेदाराच्या ऑफिसात कुणीतरी त्यांच्या नावातला एक अक्षराचा फेरफार केलेला, जन्मतारीख आधारपेक्षा वेगळी. दुरुस्तीच्या अर्जावर जुन्या मालकाचा सही-शिक्का आणा असं त्यांना सांगितलंय, आणि जुन्या मालकाचं जव्हारातलं ऑफिस बंद होऊन तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. त्यांना थोरलीच्या लग्नासाठी पैसे काढायचेत. सोमवारी रात्रपाळी उतरून ते पहिल्या एसटीनं नाशिकला येणार आहेत, आणि मी सकाळचा दवाखाना बंद ठेवून त्यांच्याबरोबर पीएफ ऑफिसला जाणार आहे. त्यांना म्हटलं, जुन्या पगाराच्या पावत्या असतील तेवढ्या घेऊन या. तर म्हणाले, ‘पावती कधी दिलीवती का मॅडम? पासबुकाची झेरॉक्स आणतो.’